जुनी मोपेड, दुप्पट शुल्क

वर्ध्याला खेटून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात जुनी मोपेड अजून दुधाच्या कॅन, भाजी आणि शाळेची पोरं वाहते. वीस वर्षांपुढच्या दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये एक हजारावरून दोन हजार रुपये केले. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट: ४५० रुपये, वर जीएसटी. जुन्या गाड्या हटाव्यात, हे मान्य. पण ज्याला दुसरी परवडतच नाही, त्याच्यासाठी ही निव्वळ वसुली. त्यापेक्षा केंद्राच्याच जून २०२५ च्या नियम-मसुद्यातली सूचना शहाणी: नव्या दुचाकीसोबत दोन प्रमाणित हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही डोके असते, हे मोटार वाहन कायद्याच्या हेल्मेटसक्तीच्या कलम १२९ ला केव्हाचे ठाऊक आहे! फक्त त्या हेल्मेटांची किंमत गुपचूप गाडीच्या बिलात चढू नये.