तोंडातली खिडकी

चार महिन्यांपूर्वी भेळ खाताना 'कट्ट' आवाज झाला. वाटलं, फुटाणा फुटला. फुटाणा शाबूत होता, दाढ फुटली होती! दोन वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनल केलं, तेव्हा 'वर कॅप बसवा, नाहीतर तुटेल' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दुखणं थांबलं आणि अप्रेझलच्या गडबडीत कॅप राहूनच गेली. दाढ उभी चिरली होती. काढावीच लागली.

आणि दाढ तरी कुठली? वरची, सुळ्याला लागून. हसलो की खिडकी उघडी! मीटिंगमध्ये मी एकदम गंभीर झालो. बॉसला वाटलं, मॅच्युरिटी आली.

जखम भरली तेव्हा साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता. "तसंच राहू दिलं तर?" मी विचारलं.

"शेजारचे दात कलतील, समोरचा खालून वर सरकेल," डॉक्टर म्हणाल्या आणि पर्याय सांगितले. काढता-घालता दात: सगळ्यात स्वस्त, पण रात्री काढून पाण्यात ठेवायचा. (मला आजोबांचा पेला आठवला.) ब्रिज: पक्का आणि साखरपुड्याआधी तयार. इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू. सगळ्यात महाग, शिवाय हाडाने तो घट्ट धरेपर्यंत तीन ते सहा महिने थांबा.

ब्रिजच, दुसरं काय!

"त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतील," त्यांनी आरसा पुढे केला. "घासलेलं इनॅमल परत येत नाही. तुमचे दोन्ही धडधाकट आहेत. आधीच कॅप असती, तर मीच ब्रिज सुचवला असता."

घरी आई एवढंच म्हणाली, "फोटोसाठी दोन चांगले दात घासणार? तिला तरी सांगितलंयस का?"

नव्हतं सांगितलं. इतके दिवस तिच्यासमोर मी तोंडावर हात धरून बसत होतो. शेवटी कॅफेत 'आ' करून दाखवलं. ती हसलीच नाही. म्हणाली, "म्हणजे तू हसत नव्हतास ते या दातामुळे? मला वाटलं, तुला लग्नच नकोय."

बाप रे! दाताची किंमत मी फक्त रुपयांत मोजत होतो.

तर मंडळी, आता इम्प्लांटचा स्क्रू हाडात रुजतोय. त्याच्यासाठी सिगरेटही सुटली, कारण धूर त्याचा शत्रू. साखरपुड्याच्या फोटोंत मात्र मी चांगली बत्तीशी दाखवून हसलोय. त्यातला एक दात रात्री पेल्यात झोपतो, हे तिला माहीत आहे.