श्रीयुत बेनेट यांची खतावणी

बाजारभावांवर लिहावयाचे सोडून एका धान्यव्यापाऱ्याने स्मरणिकेत इंग्रजी कादंबरीवर लिहावे, हे बंधुभगिनींस चमत्कारिक वाटेल. परंतु थोरल्या मुलाच्या कन्येने, तिच्या अभ्यासक्रमास लागलेली जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मला रोज सायंकाळी अर्थ सांगत वाचून दाखविली, आणि तेव्हापासून त्यातील पिता माझ्या मनातून जात नाही.

बेनेट दांपत्यास पाच कन्या. मातेचा जीव धाकट्या लिडियावर, पित्याचा दुसऱ्या एलिझाबेथवर. मातेच्या आंधळ्या मायेस सर्वजण हसतात. पित्यास मात्र कोणी फारसा दोष देत नाही. कारण एलिझाबेथ खरोखरच बुद्धिमती, आणि वाचकाचीही तीच लाडकी. माझे मत असे की, गुणी अपत्याविषयीचा पक्षपात अधिक घातक. त्यास न्यायाचा वेष सहज चढविता येतो. धाकट्या मुलींस मूर्ख ठरवून हा गृहस्थ आपल्या ग्रंथालयात जाऊन बसतो.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब पाहा. वार्षिक उत्पन्न २,००० पौंड. मिळकत मुलींकडे न जाता दूरच्या नातलगाकडे जाणार. तरीही शिल्लक नाही. पुत्र होईल या भरवशावर बचत राहून गेली. पत्नी व मुलींकरिता करारान्वये ठेवलेले ५,००० पौंड तेवढे आहेत. लिडियास ब्रायटनला धाडू नये असे एलिझाबेथ परोपरीने सांगते. पण घरात कटकट नको म्हणून तो लाडकीचेही ऐकत नाही. सोळा वर्षांची ती पोर विकमबरोबर पळून जाते. अखेर दुसऱ्याच्या पैशाने विवाह ठरतो, तेव्हा पिता आकडेमोड करतो: तिला वर्षास १०० पौंड द्यावयाचे, परंतु घरी तिच्यावर होणारा खर्च वजा जाता तोटा जेमतेम १० पौंडांचा! मुलीचा जमाखर्च इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी अन्यत्र वाचला नाही.

“तरीही आजोबा, मला तेच फार आवडतात,” नात म्हणाली. मी गप्प राहिलो.

माझा धाकटा मुलगा हिशेबात तरबेज. त्यास मी गादीवर शेजारी बसविले. थोरल्यास वखारीत काट्यावर धाडले, आणि चार अडत्यांसमोर त्याच्या मंदपणाची थट्टाही केली. पंचवीस वर्षे तो मुकाट्याने पोती मोजीत आहे. येत्या दिवाळीस वहीपूजनाला त्याने बसावे, असे मी परवा सांगितले.

“त्यालाच बसू द्या, अण्णा,” तो म्हणाला, “मला त्यातले काही कळत नाही.”