म्हणे, बाई मिळेना!

सिनेमाचा इतिहास सांगताना एक किस्सा मिटक्या मारत सांगितला जातो. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही. पडद्यावर दिसली की बाईची अब्रू गेली, हा नियम कुणी केला? आणि ‘बायका तयारच नव्हत्या’ हा ठपका मात्र बायकांवर!

मैत्रिणींनो, पुढचं घडलं ते आपल्या नाशकात. फाळके इथे आले आणि १९१३ मध्येच त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा वर्षांच्या आसपासची मुलगी कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, एकटीने मुलीला वाढवणाऱ्या. नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे येणाऱ्या बाईपुढे आजही पहिला प्रश्न पोटाचाच असतो. या मायलेकींना ‘आद्य अभिनेत्री’ म्हणून ओवाळताना त्या कष्टकरी बायका होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

बरं, बाई मिळाली म्हणून काय बदललं? १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम साळुंके आणि सीताही साळुंकेच! रंगभूमीवरही तेच. बालगंधर्वांची साडी, त्यांचे दागिने पाहून घराघरातल्या बायका नटत. (त्यांच्या गाण्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.) पुरुषाने बाईचं सोंग घेतलं तर ती कला, आणि बाई बाई म्हणून उभी राहिली तर ती चवचाल!

कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ऐन तारुण्यात त्या विधवा झाल्या, पदरी तीन मुलगे. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसायचं असतं. त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. तीन मुलं त्यांनी त्याच कमाईवर वाढवली. मूकपटापासून १९८० च्या ‘गहराई’पर्यंत पस्तीसेक चित्रपट केले. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तोही त्या नव्वदीला टेकल्यावर. एरवी त्यांची ओळख काय? चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी.

सरस्वतीबाई फाळक्यांचं तर विचारूच नका. दागिने गहाण पडले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडली. त्याला ‘पत्नीची साथ’ म्हणतात. तेच काम पगारी पुरुषाने केलं असतं तर त्याला हुद्दा मिळाला असता.

३० एप्रिलला फाळक्यांची जयंती असते. पांडवलेणीच्या पायथ्याशी महापालिकेचं फाळके स्मारक आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या गटांनी मिळून महापालिकेला निवेदन द्यावं: त्या दिवशी तिथे दुर्गाबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई यांच्या नावाने कार्यक्रम व्हावा, आणि व्यासपीठावर बोलणाऱ्या बायका असाव्यात, हार-तुरे देणाऱ्या नव्हे.