पीटीचा तास आणि जंगलातल्या टोपल्या

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे फिनलंडला गेले होते. ती आणि तिचे मियाँ हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात परदेश म्हटलं की सौदी, दुबई, नाहीतर हज-उमरा. मी फिनलंड म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या एका खालांनी विचारलं, "तिकडे कापूस होते का?"

कापूस होत नाही, जंगल मात्र घराच्या मागच्या दारापासून सुरू होतं. जूनमध्ये मगरिबची वेळ रात्री पावणेअकराच्या पुढे जाते, त्यामुळे असर पढल्यावर हातात भलीमोठी संध्याकाळ उरायची. अशाच एका संध्याकाळी बारा वर्षांचा भाचा म्हणाला, "खाला, चला, डिस्क गोल्फ खेळू." मी पुस्तक सोबत घेतलं. तो खेळेल, मी बाकावर बसेन, असा हिशोब.

तिथे बाकच नव्हता.

खेळ सोपा आहे. झाडीत लोखंडी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या उभ्या असतात. ठरलेल्या जागेवरून प्लॅस्टिकची तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत जाईपर्यंत. कमी फेकांत जो पोहोचेल तो जिंकला. आमचं मैदान छोटं होतं, नऊ टोपल्यांचं, प्रत्येक टोपली साठ-सत्तर मीटरवर. पण मध्ये पाईन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीचे बर्च इतके दाट की सरळ वाट अशी कुठे नाहीच. माझी पहिली फेक तीन पावलांवरच्या झाडावर आपटली आणि परत माझ्याच पायाशी आली. पहिल्या टोपलीला मला अकरा फेका लागल्या, भाच्याला तीन. उजव्या हाताने फेकलेली तबकडी वेग कमी झाला की शेवटी डावीकडे झुकते, हे समजायला मला चार टोपल्या आणि भरपूर डास लागले. (फिनलंडचे डास आमच्या नालीकाठच्या डासांना लाजवतात.)

डोक्याला स्कार्फ, अंगात सलवार-कमीज आणि वर बहिणीचं जॅकेट. मला वाटत होतं सगळे बघतील. मागून एक म्हातारं जोडपं खेळत आलं, आम्ही बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिलं, कारण हळू खेळणाऱ्यांनी वाट द्यायची ही तिथली रीत. त्यांच्यामागे बाबागाडी ढकलणारी एक आई, एका हातात तबकडी. कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तिकीट नाही, चौकीदार नाही, गणवेश नाही. नवव्या टोपलीच्या साखळ्या माझ्या फेकीने खणखणल्या तेव्हा मी ओरडले. मग आठवायला लागले, मी शेवटचं काही फेकलं, पळाले, ओरडले ते कधी? सातवीत. विटीदांडू खेळताना फुफीने हात धरून घरात नेलं होतं, त्या दिवशी.

हा खेळ अमेरिकेतला. फ्रिस्बीच्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एका बागेत पहिलं कायमचं मैदान आखलं, मग साखळीच्या टोपलीचं पेटंट घेतलं. २००२ साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख काही तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. आपण दफन करणारी माणसं, ऐकून मी आधी दचकले आणि मग बराच वेळ हसले. फिनलंडने हा खेळ इतका आपलासा केला की आज तिथे अशी शेकडो मैदानं आहेत, बरीचशी नगरपालिकांची, फुकट. तिथला जुना रिवाज असा की जंगल कुणाच्याही मालकीचं असो, नुकसान न करता त्यातून चालायला, बोरंबिरं आणि अळंबी वेचायला कुणालाही मुभा आहे. टोपल्या ठोकायला अर्थात जमीनमालकाची परवानगी लागते.

आता कुणी म्हणेल, बाजी, आपल्याकडेही जंगल आहे की. आहे. सागवान, पळस, मोह, सगळं आहे. पण राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीच्या नावाशी तेरा माणसांचे मृत्यू जोडले गेले होते आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. आमच्या जंगलात बाया जातात त्या मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला, पोटासाठी, जीव मुठीत धरून. टिपेश्वरमध्ये टोपल्या लावा असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं शाळेबद्दल आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. दाट वस्तीतल्या कितीतरी उर्दू शाळांत मैदान म्हणजे परिपाठाला उभं राहण्यापुरतं अंगण. मुलांचं भागतं, ती ईदगाहच्या मैदानावर किंवा कापणी झालेल्या शेतात क्रिकेट मांडतात. मुलींना त्या अंगणाशिवाय काही नाही, आणि आठवीनंतर तेही नाही. दोष फक्त घरच्यांचा, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. पण वीस वर्षांच्या नोकरीत पीटीचा तास मी किती वेळा घेतला, कर्मणी प्रयोग राहिला म्हणून? मुलींचाच घ्यायचे, कारण मुलं कुरकुर करायची आणि मुली गप्प बसायच्या. माझ्या सोयीसाठी मी त्यांचा खेळ बंद केला, आणि वर पालकसभेत मुलींच्या आरोग्यावर भाषणही दिलं.

मजहबचं कारण पुढे करणाऱ्यांना मी एकच आठवण देते. हजरत आयशा (रजि.) आणि पैगंबर (स.) यांच्यातल्या धावण्याच्या शर्यतीची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. पहिल्यांदा त्या जिंकल्या होत्या.

येताना दोन तबकड्या आणल्या. शाळेमागे पाच कडुनिंब आहेत, तिथे सायकलचे जुने टायर दोरीने टांगले. ग्राउंड नाही म्हणायची सोय राहिली नाही, कारण इथे झाडं आडवी येतात हीच गंमत आहे. नववीच्या मुली आधी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यात भांडणं सुरू झाली, तेव्हा मला बरं वाटलं. एका पालकाने येऊन विचारलं, "टीचर, हे ताटल्या फेकणं परीक्षेत येते का?" मी म्हटलं, येत नाही. ते तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "बरं, भिंतीच्या बाहेर नका जाऊ देऊ."

जायची ती गेलीच. शेजारच्या गोदामाच्या टिनावर एक तबकडी दोन दिवस पडून होती. फिनलंडमध्ये लोक तबकडीच्या मागे आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहितात, सापडली तर फोन येतो. मी मार्कर काढला आणि विचारलं, कुणाचा नंबर लिहायचा? एकीने अब्बूंचा सांगितला, दुसरीने भाईजानचा. तिसरी म्हणाली, "टीचर, त्यांना फोन गेला तर ते विचारतील ना, ही काय चीज आहे."

शेवटी माझाच नंबर लिहिला. नावं त्यांनी त्यांची टाकली, सगळ्या अकरा जणींची, तबकडीच्या काठाने गोल, बारीक उर्दू अक्षरात.