शौकाची गाडी

मुलांनो, सुट्टीत डोंगरात आणि वाळूत फिरण्यासाठी जीप घ्यावी का? नांदगाव तिठ्यावरून देवगडचा डांबरी रस्ता किनाऱ्याकडे जातो, त्यावर एस.टी.ही धावते. मग आठवड्यातून एकच दिवस चालणाऱ्या जीपवर लाखो रुपये का घालावेत? डोंगरातल्या बागेतून आंब्याच्या पेट्या उतरवणाऱ्याला मात्र ती जरूर हवी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हिवाळ्यात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या वाळूत अंडी घालतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वरून जीपचे चाक गेले, तर घरटेच चिरडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना अभय दिले आहे. आपली घटकाभराची मौज कुणाच्या जिवावर बेतू नये. गाडी गरजेसाठी घ्यावी. किनाऱ्यावर मात्र पायीच फिरावे.