दुष्काळी मुलुखातला लठ्ठपणा

२०२२ साली जगात शंभर कोटींहून अधिक लोक लठ्ठ होते. मुरूमसारख्या गावात हा आकडा परका वाटतो. उमरगा तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा, आणि धाराशिव जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. जिथे पोरांच्या अंगावर मांस धरत नाही, तिथे लठ्ठपणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारले तर ते साहजिकच आहे. तरीही ही चर्चा इथे आधी व्हायला हवी, कारण आईच्या पोटात झालेली उपासमार आणि चाळिशीत सुटलेले पोट यांचे जवळचे नाते आहे. त्याचा पुरावा महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. वजनकाटा आपल्या माणसाला फसवतो, तो असा. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्यांच्यातल्या सडपातळ माणसांनीही मधुमेहाची तपासणी टाळू नये.

दुसरा आक्षेप असा की, खाणे ज्याच्या त्याच्या हातात असते, सरकारने त्यात काय करावे? जिभेवर ताबा हवा, हे मान्य. पण जिथे पाच रुपयांचा पुडा प्रत्येक किराणा दुकानात टांगलेला असतो आणि ज्वारीच्या रानात सोयाबीन व ऊस आला आहे, तिथे निवड एकट्या माणसाची उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी खाण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, चॉकलेट आणि फरसाणावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. आवाहन एका दिशेला आणि कर दुसऱ्या दिशेला, हे धोरण मला चुकीचे वाटते.

गरोदरपणातला सकस आहार ही लठ्ठपणा रोखण्याची पहिली पायरी आहे, त्यामुळे अंगणवाडीवरचा खर्च कमी करणे परवडणारे नाही. दुसरी पायरी याहून स्वस्त आहे. तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपुढे आणि बाईची ८० पुढे गेली, की धोका सुरू होतो. आशाताई दारात आल्या की त्यांना फीत लावून माप घ्यायला सांगा, आणि ते जास्त निघाले तर रक्तातली साखर त्याच आठवड्यात तपासून घ्या.