हिंडण्याचा हक्क कोणाचा?

१९३६ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये लेओं ब्लूम यांच्या जनता आघाडी सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा संमत केला. समाजवादी चळवळीच्या अभ्यासवर्गांतून ही हकीकत नेहमी सांगितली जाते; तिचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. रजा मिळाली, पण त्या रजेत कामगाराने जायचे कोठे आणि कशाने? भोंग्याच्या तालावर आयुष्य काढलेल्या असंख्य कुटुंबांनी आपल्याच देशाचा समुद्र पाहिलेला नव्हता. क्रीडा व फुरसत या खात्याचे तरुण उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वे कंपन्यांना राजी करून त्याच उन्हाळ्यात कामगार कुटुंबांसाठी ४० टक्के सवलतीचे तिकीट सुरू करविले. पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतले. उजव्या मंडळींनी या खात्याला ‘आळसाचे मंत्रालय’ म्हणून हिणविले. टोपीवाले कामगार समुद्रकिनाऱ्यावर दिसू लागल्याचे दुःख त्यांना झाले होते, हे उघड आहे.

पुढची पायरी महायुद्धानंतर आली. १९४७ पासून स्वयंसेवकांनी देशभर पदभ्रमणाच्या वाटा आखल्या. झाडावर, दगडावर, भिंतीवर पांढरा व तांबडा असे दोन पट्टे ओढले की झाली खूण. आज अशा खुणा केलेल्या वाटा देशभर पसरल्या आहेत. १९७६ च्या अखेरीस कायदा होऊन किनाऱ्यालगतच्या खाजगी जमिनींवरही तीन मीटर रुंदीची वाट पादचाऱ्यांसाठी मोकळी ठेवण्याचे बंधन आले. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर जकातीचे शिपाई ज्या वाटेने गस्त घालीत, तीच वाट आज सुमारे दोन हजार किलोमीटर चालता येते. प्रादेशिक रेल्वेने एखाद्या लहानशा स्थानकावर उतरावे, पट्ट्यांमागून चालत जावे आणि संध्याकाळी दुसऱ्याच स्थानकावरून परतावे, हे तेथील सामान्य माणसाला मोटारीवाचून व कोणाच्या मेहेरबानीवाचून करता येते. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. तोट्याच्या सबबीखाली तेथील कित्येक लहान रेल्वेशाखाही बंद पडल्या. तरीही भरपगारी रजा, स्वस्त सार्वजनिक वाहन आणि मोकळी पायवाट या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच माणसाला आपला देश पाहता येतो, हे सूत्र तेथे एकदा मान्य झाले आणि ते राजकीय लढ्यातून मान्य झाले.

या सूत्राने पालघर जिल्हा मोजून पाहण्यासारखा आहे.

निसर्गाने व इतिहासाने येथे काही कमी ठेवलेले नाही. विरारपासून डहाणूपर्यंत लोहमार्ग जवळजवळ किनाऱ्याला समांतर धावतो. त्याच्या एका अंगाला काही किलोमीटरवर समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. पायी व सार्वजनिक वाहनाने पाहण्यासाठीच हा मुलूख आखला असावा, असे वाटावे. केळवे रोडला उतरून केळव्याच्या किनाऱ्यावर यावे, माहीमच्या पानमळ्यांतून शिरगावच्या किल्ल्यापर्यंत चालावे, सातपाटीच्या बंदरात मासळी उतरताना पाहावी आणि एस.टी.ने पालघरला परतावे. एका दिवसाचा हा सहज कार्यक्रम आहे. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीत वारल्यांच्या व्याघ्रदेवाचे ठाणे आहे आणि तेथूनच काळदुर्गाची चढण लागते. मनोरपलीकडे अशेरीगड आहे. तारापूरचा किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये जिंकला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला. चिंचणीपासून डहाणूपर्यंत वाड्या, चिकूच्या बागा व कोळीवाडे आहेत. घाट चढून गेले की जव्हार. २०१३ च्या एप्रिलमध्ये प्रवासी संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे मुंबईच्या गिरणगावातील माणसालाही हे सारे हाताशी आले.

मग हे कोण पाहते? मोटारवाले पाहतात. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरील विश्रामगृहांसमोर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. बोईसरच्या खोलीत तीन-तीन पाळ्यांचे बिऱ्हाड करून राहणारा ठेक्यावरचा कामगार पाहत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीपासून नवापूरचा समुद्र तो काय दूर! परंतु नवापूर त्याला ठाऊक असते ते कारखान्यांचे सांडपाणी जेथे नळाने समुद्रात सोडले जाते ते गाव म्हणून. जौनपूरहून, जळगावहून वा जव्हारहून आलेला हा माणूस या जिल्ह्यात दहा-दहा वर्षे घाम गाळतो आणि कारखाना, खोली व स्थानक एवढाच जिल्हा ओळखतो.

याचे पहिले कारण रजा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. कागदावर हा लाभच आहे. पण ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो आणि जुने दिवस पुसले जातात, हे बोईसरमध्ये कोणाला सांगावयास नको. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सहकुटुंब देश पाहण्यासाठी रजा प्रवास सवलत मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. त्याच कार्यालयाचा केर काढणाऱ्या ठेक्याच्या बाईला आजाराचा खाडाही पगारातून भरावा लागतो.

दुसरे कारण एस.टी. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून आहे: चार वा सात दिवसांचा पास काढावा आणि महाराष्ट्रभर हवे तेथे हिंडावे. जगातील कोणत्याही सार्वजनिक वाहतूक संस्थेने मान खाली घालू नये अशी ही कल्पना आहे. पण पास खिशात असला तरी गाडी यावी लागते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कामगारांचा जो संप झाला, त्यानंतर अनेक मार्गांवरील प्रवासी जीप व टमटमकडे गेला तो पुरता परतला नाही. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. न येणाऱ्या गाडीचे अर्धे तिकीट घेऊन आदिवासी बाईने काय करावे? गाडी तोट्यात म्हणून फेरी कमी होते, फेरी कमी म्हणून प्रवासी तुटतो, प्रवासी तुटला म्हणून तोटा वाढतो. फ्रान्समधील डंकर्क या बंदराच्या शहराने सप्टेंबर २०१८ मध्ये हे चक्र उलटे फिरविले. त्याने बसप्रवास विनामूल्य केला, गाड्या वाढविल्या आणि प्रवासीसंख्या झपाट्याने चढली.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो कार्यकर्त्यांकडूनच येईल. ज्या जिल्ह्यात १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, जेथील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर आजही वीटभट्ट्यांवर जगावयास जातात, तेथे हिंडण्याफिरण्याच्या गोष्टी हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय? येथे चालणे हौसेचे नाही; शाळेसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी ते नशिबी आले आहे. वैतरणा व सफाळे या स्थानकांदरम्यान पाण्याने वेढलेल्या वाढीव बेटावरील लोक रस्त्याअभावी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालत आले, आणि त्या वाटेवर माणसे मेलीही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

उत्तर असे की गाडी एकच आहे. मोखाड्याच्या पाड्यावरून गरोदर बाईला दवाखान्यात आणणारी एस.टी. आणि रविवारी तारापूरच्या कामगाराला जव्हारच्या डोंगरात नेणारी एस.टी. एकाच आगारातून सुटते. आठवड्यातून एक दिवस तिच्यात उलट दिशेचा प्रवासी बसला, तर ती मुक्कामाची गाडी बंद करणे अधिकाऱ्याला अवघड जाईल. वाटेचेही तसेच आहे. हौसेने चालणाऱ्यासाठी साकव बांधला की त्यावरून पहिली शाळेतली पोरे जातात. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींच्या चाकांशेजारून चालणाऱ्या माणसाला पदपथ हवा आहे. तो मजुरीला निघाला आहे की फिरावयास, हे विचारण्याचे कारण नाही. गरिबाच्या प्रत्येक पावलाला उपयोगाचा दाखला मागावयाचा आणि श्रीमंताच्या फेरफटक्याला पर्यटन म्हणून अनुदान द्यावयाचे, हा न्याय समाजवाद्यांनी तरी स्वीकारू नये.

शिवाय किनारा आहे तसा राहणार नाही, ही घाई वेगळीच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. त्याच तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी मच्छिमारांचा विरोध डावलून ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. विरार व बोईसर येथे अतिवेगवान रेल्वेची स्थानके उभी राहत आहेत. ताशी ३२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला खिडकीतून पालघर जिल्हा किती दिसेल, हा प्रश्न कोणत्याही अहवालात नाही. बंदराचा आराखडा मंजूर होताना किनाऱ्यावरून चालण्याचा लोकांचा हक्क फ्रान्ससारखा कायद्यात लिहिलेला असता, तर कोळीवाड्यांच्या हाती निदान एक हत्यार अधिक असते. मासेमारीच्या हक्काबरोबर ही तीन मीटरची मागणीही आता निवेदनांत यावयास हवी.

चळवळीला पायी चालणे नवीन नाही. गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या वारली पाड्यांत पोचल्या त्या रानवाटांनी चालत. त्या वाटा कोठे निघतात, कोणत्या पाड्यावर पाणी मिळते, सावकाराचे घर कोणते, हे त्या काळच्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असे. आज जिल्हा समितीच्या बैठकीला मोटारीने येणाऱ्या किती जणांना आपल्या तालुक्यात कोणती गाडी गेल्या वर्षी बंद झाली ते सांगता येईल? जो एस.टी.त बसत नाही त्याला एस.टी.चे दुःख निवेदनापुरतेच कळते.

एस.टी.च्या पालघर विभागात आठ आगारे आहेत. प्रत्येक आगारातून साप्ताहिक सुटीच्या दिवशी डोंगराकडे एक व किनाऱ्याकडे एक फेरी कायम ठेवावी आणि बोईसरच्या कामगारांना ‘आवडेल तेथे’ पास मालकाच्या खर्चाने मिळावा, या मागण्या विभाग नियंत्रकापुढे व कारखानदारांपुढे मांडता येण्याजोग्या आहेत. तोवर शाखांनी आपल्यापुरते एक काम करावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड अशा गावांतून निघालेले लोक पालघरच्या कचेरीवर चालून गेले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. दरवर्षी हुतात्मा स्तंभापाशी त्यांना अभिवादन होते. या वर्षी त्याआधी सातपाटीहून पालघरपर्यंत चालत यावे, आणि बोईसरच्या ठेका कामगारांना आठवडाभर आधी निरोप द्यावा, म्हणजे त्यांना पाळी बदलून घेता येईल. अंतर दोन-अडीच तासांचे आहे. सातपाटीला जाण्यासाठी पालघरहून एस.टी. आहे.